देणग्यांच्या बळावर ४२ किलोमीटर: माझा अनुभव

मॅरेथॉनमध्ये उतरण्याचे साधारणपणे दोन मार्ग असतात. एक म्हणजे शुल्क भरून केलेली सर्वसाधारण नोंदणी, आणि दुसरा म्हणजे एखाद्या सेवाभावी संस्थेच्या वाट्याला आलेल्या जागांमधून मिळणारा चॅरिटी बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावणाऱ्याचा क्रमांक. या दुसऱ्या मार्गात संस्था धावणाऱ्याला जागा देते आणि धावणारा ठरलेल्या मुदतीत ठरलेला निधी उभा करण्याचे लेखी वचन देतो. मी दुसरा मार्ग निवडला, तो धावण्याच्या ओढीपेक्षा त्या संस्थेविषयीच्या कृतज्ञतेपोटी. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात घरी येऊन तिच्या वेदना हलक्या करणाऱ्या, तिची कूस कशी बदलायची इथपासून सारे काही आम्हाला शिकवणाऱ्या परिचारिका याच संस्थेच्या होत्या. त्यांना धावणारे हवे आहेत असे समजले, त्याच दिवशी मी अर्ज भरला.

वचनपत्र मात्र मी सावकाश वाचले, आणि प्रत्येकाने तसेच वाचावे असा माझा आग्रह आहे. किती रक्कम जमवायची, ती कोणत्या तारखेपर्यंत, रक्कम अपुरी पडली तर फरक कोणी भरायचा, आणि दुखापतीमुळे धावता आले नाही तर आलेल्या देणग्यांचे काय होणार, या चार प्रश्नांची स्पष्ट उत्तरे सही करण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. नोंदणी शुल्क, बूट आणि प्रवास यांचा सगळा खर्च मी स्वतः करेन, असे मी पहिल्याच दिवशी ठरवले आणि देणगीच्या आवाहनात ते ठळकपणे लिहिले. देणारा माणूस विचारत नसला, तरी आपले पैसे रुग्णाच्या उशाशी पोहोचतात की कोणाच्या हौसेवर खर्च होतात, ही शंका त्याच्या मनात असते, आणि ती असणे योग्यच आहे.

निधी मागण्याचे काम सरावाइतकेच नियमाने करावे लागते, हे मला लवकरच कळले. एकाच मजकुराचा संदेश शंभर जणांना धाडला, तर त्यातला प्रत्येक जण उरलेले नव्याण्णव देतील असे समजून तो बाजूला ठेवतो. म्हणून मी प्रत्येकाला वेगळे पत्र लिहिले. आईला ओळखणाऱ्यांना तिच्याविषयी लिहिले, सहकाऱ्यांना संस्थेच्या कामाविषयी, आणि ज्यांनी स्वतःच्या घरात असे आजारपण काढले होते त्यांना फार काही लिहिण्याची गरजच पडली नाही. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाईल आणि पावती देणाऱ्याच्याच नावे निघेल, अशी व्यवस्था केल्यामुळे माझ्या हातातून एकही पैसा गेला नाही. दर महिन्याच्या अखेरीस किती रक्कम जमली, किती उरली आणि माझा सराव कुठवर आला, हे मी सर्वांना कळवत राहिले. दिलेल्या माणसाला पुन्हा मागू नये, पण कळवणे कधीही थांबवू नये, एवढे पथ्य मी पाळले.

सुरुवातीला लहान देणग्या देणारे संकोचत असत. अशा वेळी मला टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाचे उदाहरण फार उपयोगी पडले. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने सेंट जॉन्सहून कृत्रिम पायाने देश ओलांडायला सुरुवात केली आणि रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर कापत, कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे थंडर बे इथे थांबावे लागेपर्यंत, १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. त्याने देशवासीयांकडे मागितले होते ते माणशी एक डॉलर, कर्करोगाच्या संशोधनासाठी. फेब्रुवारी १९८१ पर्यंत जमलेला निधी २ कोटी ४१ लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या लोकसंख्येइतका झाला. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या २२व्या वर्षी तो गेला, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाची पहिली धाव झाली, जिच्यात पहिला-दुसरा क्रमांक कोणालाच दिला जात नाही. माणशी एका डॉलरवर एवढे उभे राहते हे वाचल्यावर, माझ्या परिचयातल्या कितीतरी जणांनी संकोच सोडून आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. माझे उद्दिष्ट पूर्ण झाले ते मुख्यतः अशाच देणग्यांमुळे.

ज्यांना पैसे देणे शक्य नव्हते त्यांनी जे दिले, त्याचा हिशेब कोणत्याही पावतीवर नाही. पहाटेच्या अंधारात मी एकटी धावू नये म्हणून शेजारचे काका लांब पल्ल्याच्या धावांना सायकलवरून पाण्याच्या बाटल्या घेऊन सोबत येत. माझी जाऊ त्या सकाळी मुलांचे सारे पाहत असे. ‘वहिनी, आज घराची काळजी करू नका, निवांत धावून या,’ हे तिचे वाक्य ऐकूनच मी घराबाहेर पडायचे. लोक धावणाऱ्याच्या जिद्दीचे कौतुक करतात. पण वेळ हाताशी नसेल तर जिद्दीला काही करता येत नाही, आणि तो वेळ मला इतरांनी काढून दिला.

सरावाविषयी थोडक्यातच सांगते, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते. आठवड्याचे अंतर एकदम न वाढवता हळूहळू वाढवणे, सर्वांत लांब धाव ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत नेणे, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत शरीराला सावरू देणे, ज्याला धावणारे ‘टेपर’ म्हणतात, हा सर्वमान्य क्रम मी पाळला. पाणी कमी पिण्याइतकेच अति पिणेही घातक असते, कारण त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायकरीत्या घटू शकते, हे आमच्या गटाच्या प्रशिक्षकांनी सर्वांच्या मनावर बिंबवले होते.

शर्यतीच्या दिवशी आमच्या संस्थेच्या बनियनवर पुढच्या बाजूला प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले होते. ही साधी युक्ती प्रत्येक संस्थेने करावी असे मला मनापासून वाटते. रस्त्याच्या कडेला उभी असलेली, आयुष्यात कधी न भेटलेली माणसे आपल्याला नावाने हाक मारतात तेव्हा पाय खरोखरच उचलला जातो. पाण्याच्या टेबलांवरच्या स्वयंसेवकांचे कसब मी त्या दिवशी प्रथम जवळून पाहिले. पेला अर्धाच भरायचा, तळहातावर किंवा वरच्या कडेने असा धरायचा की धावणाऱ्याला तो न थांबता उचलता यावा, आणि रिकाम्या पेल्यांवरून मागचा कोणी घसरू नये म्हणून ते सतत बाजूला सारत राहायचे. पुढचे धावणारे निघून गेल्यावरही कित्येक तास हे काम तितक्याच उत्साहाने चालू ठेवणे सोपे नाही.

साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर शरीरात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंचे इंधन, संपत येते, पाय जड होतात आणि बुद्धीही थांबण्याचाच सल्ला देऊ लागते. आमच्या संस्थेने आपल्या लोकांचा थांबा प्रारंभरेषेजवळ किंवा शेवटाशी न ठेवता मुद्दाम ३२व्या किलोमीटरला ठेवला होता, आणि तो निर्णय ज्याने घेतला त्याला धावणाऱ्याचे मन नेमके समजले होते. तिथे रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिका फलक घेऊन उभ्या होत्या. माझ्या आईची शुश्रूषा केलेल्या ताई त्यांच्यात होत्या. त्या माझ्याबरोबर काही पावले धावल्या आणि म्हणाल्या, ‘आता दहाच उरले, आणि आई असत्या तर त्यांनी तुम्हाला थांबू दिले नसते.’ पुढचे अंतर मी कधी चालत, कधी धावत पूर्ण केले. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर हे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून क्रीडागारातील राजघराण्याच्या आसनांपर्यंत आखलेल्या मार्गावरून आले आणि १९२१ मध्ये कायमचे ठरले. शेवटचे १९५ मीटर मला वाटले होते त्याहून बरेच लांब होते, आणि दोन्ही कडांना उभ्या असलेल्या लोकांनी ते माझ्याकडून पूर्ण करवून घेतले.

अंतिम रेषेनंतर स्वयंसेवक कोणालाही बसू देत नाहीत. एकदम थांबल्यास पायांतले रक्त वेगाने वर येत नाही आणि भोवळ येऊ शकते, म्हणून पदक, चादर आणि पाणी अशा पद्धतीने थोड्या थोड्या अंतरावर दिले जाते की माणूस आपोआप चालत राहावा. पदक गळ्यात पडल्यावर मी पुन्हा कठड्यापाशी गेले, कारण आमच्या गटातल्या साठी ओलांडलेल्या एक मावशी अजून मार्गावर होत्या आणि कट-ऑफची, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची शेवटची, वेळ जवळ येत होती. मला या सगळ्या सोहळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच शेवटचा तास. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये ७५ पैकी ५७ जणांनी मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांतले शेवटचे टांझानियाचे जॉन स्टीफन अख्वारी वाटेत पडून जखमी झाले होते आणि पायाला पट्ट्या बांधून, विजेते मामो वोल्डे यांच्यानंतर तासाहून अधिक वेळाने क्रीडागारात आले. तेव्हा तिथे मोजकेच प्रेक्षक उरले होते, पण उरलेल्यांनी त्यांचे जे स्वागत केले त्यामुळे आज त्या शर्यतीतले त्यांचेच नाव अधिक लोकांना माहीत आहे. आमच्या मावशी वळणावर दिसल्या तेव्हा मागून येणारी आयोजकांची गाडी त्यांच्यापासून फार दूर नव्हती. कमान आणि घड्याळ जागेवर होते, ध्वनिक्षेपकावरून त्यांचे पूर्ण नाव उच्चारले गेले, आणि तासाभरापूर्वी पोहोचलेले धावणारे दुखऱ्या पायांनी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

काही आठवड्यांनी संस्थेने सर्वांचा गौरव समारंभ ठेवला. नियोजनाच्या बैठकीत वेळेच्या क्रमाने नावे पुकारण्याची सूचना आली, तिला मी नम्रपणे विरोध केला. ज्या धावेचे प्रयोजन मदत हे आहे, तिच्यात घड्याळाला पहिले स्थान देणे मला पटत नाही, आणि सुदैवाने इतरांनाही ते पटले. नावे अकारविल्हे पुकारली गेली. त्यानंतर पाण्याच्या टेबलांवरचे स्वयंसेवक, सरावाला सोबत करणारे आणि देणगीदार यांना व्यासपीठावर बोलावले गेले, आणि सायकलवाले काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मुख्य परिचारिकांनी निधीचा विनियोग तपशिलाने सांगितला. वेदनाशामक औषधे, उशाशी ठेवायची ऑक्सिजनची यंत्रे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायच्या हवेच्या गाद्या आणि घरभेटींचा प्रवासखर्च, यांतल्या प्रत्येक बाबीवर किती खर्च झाला, याचा छापील हिशेब सर्वांच्या हाती दिला गेला. असा हिशेब मिळाला की पुढच्या वर्षी तोच माणूस न मागता देतो.

त्याच संध्याकाळी पाण्याच्या टेबलावर उभ्या असलेल्या दोघींनी पुढच्या वर्षीच्या चॅरिटी बिबसाठी अर्ज भरले. त्यांच्या आवाहनाचा मजकूर मी त्यांच्याबरोबर बसून लिहीत आहे, आणि पुढच्या शर्यतीत ३२व्या किलोमीटरच्या थांब्यावर काम करण्यासाठी माझे नाव संस्थेकडे नोंदवले आहे.