माणुसकीतला मनू

दरवर्षी २५ डिसेंबर जवळ आला आणि महाडच्या मनुस्मृतिदहनाचा विषय निघाला की कोणीतरी मला विचारतेच: मनूचा एवढा राग, मग ‘माणुसकी’ हा शब्द कसा चालतो? त्यातही मनूच आहे ना?

आहे. ‘माणूस’ संस्कृत ‘मानुष’पासून आला आणि ‘मानुष’ मनूपासून. ‘मानव’, ‘मनुष्य’ त्याच घरातले. मात्र ऋग्वेदात ‘मनु’ म्हणजे नुसता माणूस, असाही अर्थ आहे आणि मनुस्मृती त्यानंतर कित्येक शतकांनी रचली गेली. एवढे उत्तर पुरत नाही, कारण अनेकांना व्युत्पत्ती नको असते, माझी फजिती हवी असते. सर्वांना नव्हे, हेही मान्य करतो.

फजिती एकदा झालेली आहे. महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी हाच प्रश्न टाकला, तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. ‘मग आम्ही इन्सानियत म्हणू,’ असे मी घाईघाईने बोलून गेलो आणि सभागृह आणखीच हसले. घरी येऊन आजोबांना सांगितले. मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे, वेशीवर राखण करणे ही महारकीच्या वतनाची, म्हणजे जन्माने गळ्यात पडलेली गावकामे त्यांनी केली होती. १९५८च्या कायद्याने ती वतने रद्द झाली, पण आजोबांनी ते काम १९५६ मध्ये, धर्मांतरानंतर, स्वतःहून टाकले आणि त्या सुगीत कामाच्या मोबदल्याचा, खळ्यावरून मिळणारा पायलीभर जोंधळाही घरात आला नाही. माझे ऐकून ते एवढेच म्हणाले, ‘‘म्हारकी सुटली तवा माणुसकी आली. त्यात मनू कुठं आला?’’

पाटीलकी, महारकी, माणुसकी: शेवटची ‘की’ एकच. त्यावरून मी सिद्धांत रचला, की पाटीलकी जशी जन्माने मिळे, तशी माणुसकी हे प्रत्येकाचे जन्मजात वतन आहे. अनेक वर्षे भाषणांत त्यावर टाळ्या घेतल्या. तो लंगडा होता. ‘आपुलकी’तही तीच ‘की’ आहे आणि तिथे कसले वतन? तरीही ‘माणुसकीच्या नात्याने मदत केली’ असे कोणी उपकाराच्या सुरात म्हटले की मला राग येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आमच्या माणसांनी जे पाणी प्यायले, ते कोणाच्या दयेने नव्हे.

आजोबा ‘आली’ म्हणाले, ‘दिली’ म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांनी जाणून वापरला होता, की ती नुसतीच बोलण्याची लकब होती, हे विचारायचे राहून गेले.