ओवी हसतो की हसते?

परवा लेक किटातून, म्हणजे इथल्या जर्मन बालवाडीतून, आली ती बूट काढता काढताच गुणगुणत होती, ‘ओवी लख्ट, ओवी लख्ट.’ लख्ट म्हणजे हसणं, एवढं जर्मन मला येतं. हसतो की हसते हे मात्र त्या क्रियापदावरून कळत नाही. मी आपली मराठी डोक्याने ऐकलं. म्हटलं, ओवी इकडे कुठे पोचली? संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लेकीने जाहीर करून टाकलं, “आजी, आमच्या किटात ओवी हसते.” आईला तेवढंच निमित्त पुरलं. तिने तिकडून जात्यावरचं ‘पहिली माझी ओवी’ सुरूच केलं.

दुसऱ्या दिवशी घरी चित्र आलं. गोठा, गाय, गाढव, गव्हाणीत बाळ येशू. आणि शेजारी लाल गालांचा, ढेरपोट्या, सगळे दात दाखवणारा आणखी एक जण.

“हा कोण गं?”

“ओवी ना!”

किटातल्या बाईंना चित्र दाखवलं तर त्या पोट धरून हसल्या. हा ओवी जर्मन मुलांना पिढ्यान्‌पिढ्या भेटत आलाय. ‘श्टिले नाख्ट’ हे नाताळचं गाणं साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ ला पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या पाद्र्याचे. त्यात ओळ आहे, ‘गॉटेस झोन, ओ वी लख्ट’. देवाच्या पुत्रा, अहा, कसं हसतं... हसतं काय, तर तुझ्या मुखातून प्रेम. पण ते प्रेम कवीने नेऊन बसवलंय पुढच्या ओळीत. चार वर्षांच्या पोरीने तोवर का थांबावं? हसणं आलं की हसणारा हवा, आणि रोजच्या बोलण्यात तो बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधीच उभा असतो. तिने तिथे पाहिलं, तर ओवी. व्याकरण चोख आहे पोरीचं. आडवळण घेतलं ते पाद्रीबुवांनी.

मी तरी कोणत्या तोंडाने हसू? आमचा गणपती स्वयंपाकघरात फळीवर बसायचा, त्यामुळे आरतीतली ‘फळीवर वंदना’ मला कधी खटकलीच नाही. ते ‘फणिवरबंधना’ आहे, म्हणजे पोटाला नाग बांधलेला, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. ‘संकष्टी पावावे’ तर अजून तोंडातून निसटतं. दर महिन्याला घरात साबुदाणा भिजत असेल, तर ‘संकटी’ कुणाला ऐकू येणार?

चित्र आता फ्रिजवर आहे. काल धीर करून सांगितलं, “अगं, ओवी असं कुणी नाहीये. ते ‘ओ’ वेगळं, ‘वी’ वेगळं.”

तिने शांतपणे फ्रिजकडे बोट दाखवलं. “मग हा कोण हसतोय?”