माणदेशात पवायला

"मे महिन्यात पोहायला माणदेशात?" घरातले सगळे हसले. आईने मात्र न बोलता पाण्याचा पाच लिटरचा कॅन गाडीला बांधला.

हसणारच ना. सातारा एकच जिल्हा, पण महाबळेश्वरला पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर आणि माण तालुक्यात ५०० पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. कोरेगाव सुटलं की ऊस विरळ होतो, पुसेगावनंतर डोंगर नुसते बोडके.

नेरच्या तलावाने पहिल्याच फेरीत उतरवली आमची. पाणी दूर आत सरकलेलं, तिथवर गुडघाभर गाळ. चपला हातात घेऊन परत. गोंदवल्यात महाप्रसाद, म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन आणि तिथून राजेवाडी. माणगंगेवरचा हा तलाव इंग्रजांच्या काळातला, दुष्काळी कामातून उभा राहिलेला. पाणी होतं, पण जाळं आवरणारा मासेवाला म्हणाला, "खाली गाळ हाय, पाय धरतोय." अनोळखी पाण्यात असल्या माणसाचं ऐकावं. ऐकलं.

दुपार टळली तेव्हा आटपाडीच्या अलीकडे डाळिंबाच्या बागेत एक बांधीव विहीर दिसली. बांधावर एक तात्या बसले होते. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या विहिरीत उतरायचं नसतं.

"तात्या, पवू का?"

"येतंय का पवायला?"

"येतंय की."

"मग हीर काय कुठं पळून चाललीय?"

पण लगेच उडी मारू दिली नाही. आधी स्टार्टर बंद केला, मग फ्यूज काढून खिशात घातला. "लाइट कवा येईल नेम न्हाय." कुठल्या बाजूला खडक आहे ते काठीने दाखवलं. पाणी दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल, काठावर एक विरोळा, पाण्यातला बिनविषारी साप. "तो काय करत न्हाय, तुमीच त्याला भिवडू नका."

सोबतच्या दोस्ताने मुटका मारला, कपारीतले पारवे फडफडत वर गेले. मी सूर मारला आणि उन्हाने तापलेलं डोकं एकदम रिकामं झालं. वरचा हातभर थर कोमट, खाली बर्फासारखं. तास कसा गेला कळलं नाही. अंगावर माती बसलेली दोन माणसं एका गोल आभाळाखाली उताणी तरंगत होती.

वर आल्यावर विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात पाणी कसं हो?"

"टेंभूचं. कालव्याचं ओढ्यात सोडलं की हिरीला पाझर येतोय."

टेंभू म्हणजे कराडजवळ उचललेली कृष्णा, पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवलेली. मी सांगितलं, मी साताऱ्याचा, संगम माहुलीला वडिलांनी पाठीला भोपळा बांधून ढकललं होतं, ती हीच नदी.

तात्यांनी फ्यूज खिशातून काढला.

"मग काय, तुमचंच पाणी तुमाला पवायला दिलं की," म्हणाले आणि मोटर चालू करायला गेले.