उफिझी, दोन पोरं आणि शून्य युरोचं तिकीट

आधी पैशाचं सांगते, कारण डोकं अजून तापलेलंच आहे. फ्लॉरेन्सच्या उफिझी गॅलरीत 18 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, मग ती कुठल्याही देशाची असोत. मला हे कळलं ते दारात उभं राहिल्यावर. मी, नवरा, 14 वर्षांची लेक आणि नणंदेचा 16 वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघं. गुगलवर सगळ्यात वर दिसली त्या साइटवर ‘रांग टाळा’ वाचून माणशी 52 युरो भरून बसले होते. एक छत्रीवाली बाई आली, चार तिकिटं हातात कोंबून निघून गेली. भाच्याने त्याचं तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मामी, यावर शून्य लिहिलंय."

खरा हिशेब आम्ही गेलो तेव्हा असा होता: मोठ्यांचे 25 अधिक बुकिंगचे 4, मुलांचे नुसते बुकिंगचे 4. म्हणजे 66 युरोंचं काम 208 ला पडलं. तिकीट गॅलरीच्या स्वतःच्या साइटवरच काढा. मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवा. सोमवारी बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं, त्या दिवशी चुकूनही जाऊ नका.

सुरुवात वरच्या मजल्यावरून होते आणि जिना संपता संपत नाही. उफिझी म्हणजे कचेऱ्या. मेदिची घराण्यातल्या ड्यूक कोझिमोच्या कारभारासाठी 1560 साली वास्तुकार वासारीने ही इमारत बांधायला घेतली. त्यामुळे सरकारी कामाला आल्यासारखं धापा टाकतच वर पोचायचं. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या दालनात त्याची प्रसिद्ध व्हीनस कमी आणि लोकांचे मोबाइल जास्त दिसतात. पाच मिनिटं पुरे.

थांबायचं ते पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या जोडचित्रापाशी. उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको आणि त्याची बायको बात्तिस्ता स्फोर्झा, दोघं एकमेकांसमोर, चेहऱ्याची एकच बाजू दिसेल असे लाकडी फळ्यांवर रंगवलेले. फळ्या जेमतेम 47 बाय 33 सेंटिमीटरच्या. मला वाटलं, पोरं दोन मिनिटांत पुढे पळतील. पण भाचा ड्यूकच्या नाकावर अडकला. भुवयांच्या खाली नाकाचा चक्क एक घास काढल्यासारखी खाच आहे, गालावर मस. 1450 मध्ये भाल्यांच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला, म्हणून चित्रात फक्त डावी बाजू. डावीकडच्या डोळ्याला पलीकडचं दिसावं म्हणून त्याने नाकाचं हाड कापून घेतलं, अशी दंतकथा आहे. "म्हणजे फिल्टर नाही लावला, फक्त अँगल बदलला," भाचा म्हणाला.

लेक बात्तिस्तासमोर. कपाळ अर्ध्या डोक्यापर्यंत गेलेलं, कारण तेव्हाच्या बायका फॅशन म्हणून पुढचे केस उपटून काढायच्या. चेहरा पांढराफटक. लग्न साधारण चौदाव्या वर्षी, 1472 मध्ये मुलगा झाला आणि काही महिन्यांत ती गेली. हे चित्र बहुधा ती गेल्यानंतरचं. "चौदाव्या?" एवढंच लेक म्हणाली आणि हलेना. फळ्यांच्या मागे जाऊन बघायला विसरू नका. मागेही चित्रं आहेत: त्याच्या रथाला पांढरे घोडे, तिच्या रथाला युनिकॉर्न. बहुतेक लोक पुढूनच निघून जातात.

ब्रॉन्झिनोने रंगवलेली ड्यूक कोझिमोची बायको एलेओनोरा मला आवडली. काय तो झगा, जरीचा एकेक धागा मोजावा! शेजारच्या ग्रुपचा गाईड तिला त्याच झग्यात पुरलं म्हणून रंगवून सांगत होता. साफ चूक. पुरतानाचा झगा वेगळा होता, तो पित्ती राजवाड्यात जपून ठेवलाय. गाईडवर पैसे घालवू नका, आदल्या रात्री पोरांना तीन चित्रं दाखवून ठेवा.

पुढची तिसऱ्या तासातली दालनं मला आठवत नाहीत, पाय तेवढे आठवतात. पाण्याची छोटी बाटली जवळ असू द्या. बाहेर पडायचा रस्ता लांबलचक आहे आणि दुकानातूनच जातो.

संध्याकाळी त्या साइटला पैसे परत मागणारं पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट.