फुकटचा मेसेज आणि फिलिपिन्स

फिलिपिन्समधलं पहिलं टीव्ही प्रसारण कशाचं होतं माहितीये? घरच्या पार्टीचं. खरंच. २३ ऑक्टोबर १९५३, मनिला, अँटोनियो किरिनो यांच्या घरची पार्टी लोकांनी टीव्हीवर बघितली, म्हणजे ज्या मूठभर लोकांकडे सेट होते त्यांनी. हे किरिनो म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एल्पिडिओ किरिनो यांचे भाऊ, स्टेशन काढताना डोक्यात भावाचा प्रचार. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, भाऊ सपाटून पडला. टीव्ही तेवढा राहिला.

मला तिथला सगळाच मीडिया असा वाटतो, आणणारा आणतो एका कामासाठी आणि लोक करतात भलतंच. स्पॅनिश लोकांनी १५९३ ला 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' छापलं ते धर्मप्रसारासाठी, त्यात तिथली बायबायिन लिपीपण घातली. पण छपाईचं काम शिकलेल्या तोमास पिनपिनने १६१० मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं, आपल्या तागालोग लोकांना स्पॅनिश शिकवायचं! पुढे १८९६ ला स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या कातिपुनान या गुप्त संघटनेने 'कालायान' नावाचा पेपर काढला आणि त्यावर छापल्याचं ठिकाण टाकलं योकोहामा, बसा म्हणावं जपानात शोधत. एकच अंक निघाला बिचाऱ्यांचा.

मग १९७२ ला राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लावला आणि पेपर, रेडिओ, टीव्ही धडाधड बंद केले, आपल्या माणसांचं तेवढं चालू. चौदा वर्षांनी, २२ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री, मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितासवरून सांगितलं की एड्सा रस्त्यावर जा, मार्कोसविरुद्ध बंड केलेल्या सैनिकांना साथ द्या. लोक गेले. सरकारच्या माणसांनी ट्रान्समीटर फोडला, तर जून कीथली नावाची निवेदिका दुसऱ्या स्टेशनवर जाऊन बसली, जागा कुणाला कळू दिली नाही आणि नाव ठेवलं रेडिओ बांदिदो, म्हणजे डाकू रेडिओ. नावातच माज आहे बघा. २५ तारखेला मार्कोस देश सोडून पळाला.

पण माझा सगळ्यात आवडता भाग एसएमएसचा. नव्वदीत कॉल महाग आणि मेसेज सुरुवातीला फुकट, कंपन्यांना वाटलं ही काय किरकोळ सोय, आणि लोकांनी कॉल करायचंच सोडलं की हो. नंतर एक पेसो लागायला लागला तरी हात थांबेनात, १६० अक्षरांत बसवायचं म्हणून स्वर गाळून गाळून एक नवीनच स्पेलिंग तयार झालं. १६ जानेवारी २००१ ला राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्या महाभियोगात सिनेटरांनी ११ विरुद्ध १० मतांनी त्यांच्याविरुद्धच्या पुराव्याचं एक पाकीट उघडायचं नाही असं ठरवलं, देश टीव्हीवर बघतोय, आणि त्या रात्रीच मेसेज फिरला, 'गो टू एड्सा, वेअर ब्लॅक'. त्यातला 'टू' आकड्यातला आणि 'ब्लॅक'मधला स्वर गायब! चार ओळींचं पत्रक नाही, सभा नाही, एवढंच. ज्याला आला त्याने आपल्या सगळ्या नंबरांवर ढकलला. २० तारखेला एस्त्रादा राजवाडा सोडून गेले.

आता हे वाचून मला लय भारी वाटलेलं, पण मग पुढचं फुकट आलं. फुकट फेसबुक. बॅलन्स नसला तरी फीड उघडायचं पण बाहेरच्या बातमीवर क्लिक केलं की डेटाचे पैसे, त्यामुळे कितीतरी लोक हेडिंग वाचायचे आणि तसंच पुढे पाठवायचे, खरं की खोटं बघायला बॅलन्स कुठाय. यावेळी ही सोय लोकांच्या आधी राजकारण्यांच्या ट्रोल टोळ्यांनी ओळखली. त्याविरुद्ध लिहिणाऱ्या, रॅपलर या बातम्यांच्या वेबसाइटच्या पत्रकार मारिया रेसा यांच्यावर केसवर केस पडल्या, २०२१ चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा त्या जामिनावर बाहेर होत्या आणि ते घ्यायला ओस्लोला जायचं तर कोर्टाची परवानगी काढावी लागली.