हातातल्या मेटल डिटेक्टरमधली घट्ट बॅटरी : माझा अनुभव

आमच्या गावच्या देवीच्या नवरात्रात दर्शनरांगेवरच्या स्वयंसेवकांना हातात धरून फिरवायचे मेटल डिटेक्टर दिले जातात आणि त्यांच्या बॅटऱ्या आणणे, बदलणे, उत्सव संपल्यावर यंत्रे कपाटात लावून ठेवणे हे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. या यंत्राच्या पुढच्या चपट्या भागात तारेचे वेटोळे असते आणि मुठीत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते. बॅटरी टोके आत करून सरकवायची, ती तळाशी असलेल्या दोन स्प्रिंगदार पट्ट्यांना टेकते आणि वरून झाकण लावायचे, इतकी साधी ही रचना आहे. तरीही गेल्या नवरात्राच्या तयारीत याच जागेने आमचा सर्वांत जास्त वेळ घेतला.

खर्च वाचावा म्हणून आम्ही साध्या बॅटऱ्यांऐवजी चार्ज करता येणाऱ्या बॅटऱ्या आणल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी एक स्वयंसेवक यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आत तर गेली, पण आता निघेना." दुसऱ्या एका यंत्रात गेल्या वर्षीची अल्कलाइन बॅटरी तशीच राहिली होती आणि तीही जागची हलत नव्हती. तक्रार एकच दिसत असली तरी दोन्हींची कारणे वेगळी होती, आणि हे आधी ओळखणे फार महत्त्वाचे आहे असे मला वाटते, कारण एकीवरचा उपाय दुसरीवर केला तर यंत्र हातचे जाऊ शकते.

शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर मागून आणला आणि हाताशी असलेल्या सगळ्या बॅटऱ्या मोजल्या. या आकाराच्या बॅटरीसाठी मानकात उंची ४६.५ ते ४८.५, रुंदी २४.५ ते २६.५ आणि जाडी १५.५ ते १७.५ मिलिमीटर अशी मुभा आहे. म्हणजे दोन बॅटऱ्या दोन्ही नियमात बसणाऱ्या असूनही त्यांच्यात प्रत्येक बाजूने २ मिलिमीटरपर्यंत फरक असू शकतो. आमच्या नव्या बॅटऱ्या वरच्या मर्यादेला टेकलेल्या होत्या, त्यातच वेष्टनाचा जोड एका कडेला किंचित वर आला होता आणि झाकणाच्या आतला स्पंजचा तुकडा त्यांना आणखी दाबत होता. अडकलेली जुनी बॅटरी मात्र मूळची मोठी नव्हती, ती फुगली होती. अल्कलाइन बॅटरी पूर्ण उतरूनही यंत्रात पडून राहिली की तिच्यात वायू तयार होतो, आवरणावर ताण येतो आणि पुढे ती गळू लागते.

फुगलेली बॅटरी काढताना स्क्रू-ड्रायव्हर जवळही आणू दिला नाही. या बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला असल्यामुळे धातूचे हत्यार कडेने आत गेले तर दोन्ही टोके एकदम जोडली जाण्याची भीती असते, शिवाय आवरणाला भोक पडले तर आतला क्षार बाहेर येतो. "थोडे खोबरेल सोडा, सुटेल," असा सल्ला एका वडीलधाऱ्यांनी दिला, परंतु तेल पट्ट्यांपर्यंत उतरते आणि तिथे धूळ धरून बसते म्हणून मी तो नम्रपणे बाजूला ठेवला. रबरी हातमोजे व चष्मा घालून यंत्र बंद केले, तोंड खाली करून मूठ तळहातावर हलकेच आपटत राहिलो, आणि बांबूची कामटी चाकूने कागदासारखी पातळ तासून रुंद बाजूने हळूहळू सरकवली. बॅटरी थोडी थोडी करीत बाहेर आली. तिच्या टोकांपाशी पांढरी भुकटी जमली होती. अल्कलाइन बॅटरीतून गळणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून अशी भुकटी बनते, आणि ती अल्कधर्मी असल्याने व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघते. साध्या झिंक-कार्बन बॅटरीतला द्राव आम्लधर्मी असल्यामुळे तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरावा लागतो. नंतर ओल्या कापसाने पुसून पट्ट्या पूर्ण कोरड्या होऊ दिल्या.

नव्या बॅटऱ्यांसाठी मूठ आतून कानशीने घासावी, असेही सुचवण्यात आले. मला ते पटले नाही, कारण हा घट्टपणा काही प्रमाणात आवश्यकच आहे. स्वयंसेवकाचा हात दिवसभर हलत असतो, आणि बॅटरी सैल असेल तर संपर्क क्षणभर तुटून यंत्र भलत्या वेळी वाजते, किंवा अजिबात न वाजता माणूस पुढे जातो. सुरक्षेच्या रांगेत गप्प झालेले यंत्र वाजणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त धोक्याचे असते. म्हणून झाकणातला जाड स्पंज काढून त्या जागी पातळ चिकटवला आणि प्रत्येक बॅटरीच्या रुंद बाजूवर पातळ पारदर्शक चिकटपट्टी लांबीला लावून तिचे शेपूट दुमडून बाहेर ठेवले. जाडी जेमतेम वाढते आणि शेपूट सरळ ओढले की बॅटरी निघते. ज्या बॅटऱ्या हाताच्या साध्या दाबाने जात नव्हत्या, त्या दुकानदाराला परत केल्या. बसवलेल्या प्रत्येक यंत्राला झटके देऊन पाहिले आणि किल्ल्यांचा जुडगा ठरावीक अंतरावरून फिरवून आवाज तपासला, मगच ते रांगेवर पाठवले.

गळतीच्या यंत्रातली एक पट्टी मात्र क्षाराने इतकी खाल्ली होती की साफ करूनही दाबल्याशिवाय संपर्क येत नव्हता. ते यंत्र मी रांगेवर दिले नाही. तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पितळी पट्टी कापून सोल्डर करून दिली, आणि आता उत्सव संपला की त्या यंत्रासह सगळ्या यंत्रांतल्या बॅटऱ्या काढून, टोकांवर चिकटपट्टी लावून, वेगळ्या डब्यात ठेवल्या जातात.