माउली, जरा सरका

आमच्या मंडळात गणपतीइतकीच वाट बघितली जाते ती पालखीच्या दिवसाची. पुणे ते सासवड. ज्ञानोबांच्या पालखीचा हा सगळ्यांत मोठा टप्पा, तीस-बत्तीस किलोमीटर, त्यात दिवेघाट आणि त्यात बहुधा योगिनी एकादशी. आम्ही एका दिवसाचे वारकरी. पंढरपूरपर्यंत जाणाऱ्यांसमोर ही मिरवायची गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. आमच्यासारख्या हौशी लोकांच्या गर्दीत टाळकऱ्यांनाच पाऊल टाकायला जागा उरत नाही.

तरी जातो. पहाटे चारला ओट्यावर जमायचं, भवानी पेठेत पालखी विठोबाला हात जोडायचे आणि चालू पडायचं. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवडकडे. तिथपर्यंत पोटात इतकी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू गेलेले असतात, की उपास कसला म्हणायचा!

२०२० आणि २०२१ साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आम्ही घरी बसून खिचडी खाल्ली. त्यामुळे २०२२ ला सगळेच आले. एकमेकांशी न बोलणारेसुद्धा. आमचे खजिनदारकाका आणि मांडवाचं बघणारा दादा यांचं आदल्या गणपतीपासून एका बिलावरून वाजलं होतं. बैठकीत एक बोलला की दुसरा छताकडे बघायचा.

वडकी नाल्याचा विसावा झाला आणि घाट लागला. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. वर वळणावळणावर भगव्या पताका, खाली मस्तानी तलाव, आणि मधे नुसती डोकी. काकांनी हौसेने नवे बूट घातले होते, ते लंगडायला लागले. दादा नेमका त्यांच्या मागे. पुढे कोण आहे हे न बघताच तो म्हणाला, "माउली, जरा सरका."

काका वळले. दोघांनी एकमेकांना पाहिलं. वारीत माउलीला माउलीच म्हणायचं असतं, दुसरं काय म्हणणार?

"माउली, तुम्हीच व्हा पुढे," काका म्हणाले.

दादा पुढे झाला नाही. झेंडेवाडीच्या पुढे बघतो, तर काकांची पिशवी त्याच्या खांद्यावर.

सासवडला एका झाडाखाली बसलो. काकांच्या टाचेला लिंबाएवढा फोड. शेजारच्या दिंडीतल्या एका आजींनी कमरेच्या पिशवीतून सुई-दोरा काढला. "दोरा आरपार काढ आन् आतच ऱ्हाऊ दे. पानी निघून जातं." काकांचा पाय दादाने मांडीवर घेतला. पण त्याला सुईत दोरा ओवता येईना. शेवटी काकांनी स्वतःचा चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला. ते ध्यान बघून आजींसकट सगळे हसत सुटले.

दिवेघाट वाहनांना बंद, म्हणून टेम्पो बोपदेवमार्गे आणला. निम्मे जण झोपलेले. अंधारात दादाचा आवाज आला, "काका, ते मांडवाचं बिल..."

"आज एकादशी आहे," काका डोळे मिटूनच म्हणाले. "उद्या ओट्यावर ये. भांडू."